चौथी वायर

उमाजी वारल्यावर तीन वर्षांनी त्यांची मोटार सावली गावातल्या घराच्या अंगणात पुन्हा बोलली. पण नव्याने बांधलेलं इंजिन जागच्या जागी धापा टाकी आणि विझे. मेकॅनिक वामनने सकाळपासून कार्बोरेटरचा स्क्रू दहादा फिरवला होता.

"धानोऱ्याहून आले की फाटकापाशी गाडी पारव्यावानी घुमायची," पडवीतून उमाजींच्या पत्नी देवकाबाई म्हणाल्या. "तसा त्यायचा आवाज नाई आला, तर उद्या भंगारात जाऊ दे तिले."

"आधी मले पाठवा भंगारात, बाई!" वामन हसला. हे काम त्याला उमाजींनीच शिकवलं होतं.

मुका, न पेटणारा सिलिंडर शोधायला त्याने त्यांच्याच रीतीने, चालत्या इंजिनात, प्लगची एक वायर उपसली. इंजिन अडखळायला हवं होतं. ते उलट किंचित निवलं. दुसरी उपसली, तशी धाप थांबली. तिसरीला तो जुना, संथ सूर भातशेतांवरच्या संध्याकाळसारखा अंगणभर पसरला.

त्याने चौथी, शेवटचीही उपसली. आता ठिणगीला वाटच उरली नव्हती.

इंजिन घुमत राहिलं.

"राहू दे आता, वामनभाऊ," देवकाबाई पदर सावरत उठल्या. "त्यायले उतरू दे."

उजवीकडच्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या स्प्रिंगा करकरल्या, आणि रिकामी गाडी त्या बाजूने हळूच वर आली.