बसायचं मशीन

मोठी स्वप्नं माणूस नेहमी उभ्यानंच पाहतो. जालिंदरला तर दुसरा इलाजही नव्हता. नगरच्या एमआयडीसीतल्या त्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंग टेबलाशी बसायला काही ठेवलेलंच नव्हतं.

समोरच्या भिंतीवर परदेशी कटिंग मशीनचं रंगीत माहितीपत्रक चिकटवलेलं होतं. मशीन आपलं आपण कापड कापत होतं. त्याचं जालिंदरला एवढं काही नव्हतं. त्याची नजर चित्राच्या कोपऱ्यातल्या माणसावर असे. तो कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसला होता. पायावर पाय, हातात कप. मशीन आलं तर त्या खुर्चीत जालिंदर, असं मालकांनी, म्हणजे काकासाहेबांनी, चारचौघांत सांगितलं होतं. बावीस वर्षं उभं राहून जालिंदरच्या पोटऱ्यांवर शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. रोज कापडाच्या थप्पीला कटर लावण्याआधी तो त्या माणसाकडे एकदा बघून घेई.

‘मशीन आलं तर’ मधला ‘तर’ नितीनच्या हातात होता. नितीन कारखान्याचा नवा इंजिनियर. मशीनची किंमत किती वर्षांत वसूल होईल, ते त्यानं काढून द्यायचं होतं. पाच वर्षांच्या आत होत असेल तर मशीन घ्यायचं. कॉलेजात शिकलेलं काहीतरी वापरायला मिळण्याची त्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मशीन त्यालाही हवंच होतं. वेगाचं कुणाला कौतुक नव्हतं. शाळा वर्षातून एकदाच सुरू होते. पण मशीन कापड वाया घालवत नाही. तेव्हा जालिंदर जेवढ्या चिंध्या पाडतो, त्यातून मशीनच्या चिंध्या वजा करायच्या. उरेल त्यातून मशीनचे पैसे फिटायचे.

संध्याकाळी चिंध्या काट्यावर टाकल्या. शंभर किलो कापडामागे नऊ किलो. नितीननं माहितीपत्रक वाचलं. मशीनच्याही नऊच.

“जालिंदरभाऊ, या हिशोबानं मशीनचे पैसे कधीच वसूल होत नाहीत.”

“म्हंजे?”

“म्हणजे उद्या परत मोजू. उद्या जरा सैल हातानं कापा.”

“वाईट कापू?”

“वाईट नाही हो. माणसासारखं.”

दुसऱ्या दिवशी जालिंदरनं मन घट्ट करून आखणी केली. एरवी त्याच्या दोन आखण्यांमधून खडूची रेघ जेमतेम जाई. आज त्यानं मध्ये चार-चार बोटं सोडली. कटर फिरलं. खाकी कापडाचे हातभर तुकडे खाली पडू लागले.

दुपारी भीमाबाई पोतं घेऊन आली. ती कारखान्यात झाडलोट करी आणि चिंध्यांच्या गोधड्या शिवून पारनेरच्या बाजारात विकी. तिनं एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि मग जालिंदरकडे पाहिलं.

“तब्येत बरी हाय न्हवं?”

“बरी हाय.”

“मग घरी काय झालं?”

“कुटं काय?”

“आरं, रोज तुझ्या चिंधीत बोट बी गुंडाळता येत न्हाई. अन् आज माझ्या नातवाची चड्डी व्हतीय ह्यात.” तिनं तुकडा घडी घालून पोत्यात टाकला. “रोज असंच काप, बाबा. लई पुन्य लागंल.”

“ते पोतं र्‍हाऊ दे. सांजच्याला मोजायचंय.”

ती पोतं तिथंच टाकून गेली. चार वाजता नितीन चहाला गेला. जालिंदरनं चित्रातल्या माणसाकडे पाहिलं. माणूस बसला होता. मग त्यानं खाली पाहिलं. तुकडे एकावर एक, जसे कापले गेले तसेच पडले होते. त्यानं मान वळवली. परत पाहिलं. पोतं उपडं केलं, तुकडे टेबलावर घेतले आणि खडू उचलला.

संध्याकाळी चिंध्यांचा काटा शंभर किलोमागे साडेसात किलोवर थांबला. नितीननं काट्याला थाप मारली. काटा हलला आणि पुन्हा साडेसातावरच येऊन थांबला.

“सकाळी तर एवढाले तुकडे होते! कुठे गेले?”

जालिंदरनं टेबलाच्या कडेला लावलेल्या खिशांच्या गठ्ठ्यांकडे बोट केलं. खाकी पॅन्टचे खिसे, मापात, एकही वाकडा नाही.

“खिसे बसत हुते, सायेब.”

“बसू द्यायचे ना मग!”

“तसं न्हवं. त्या तुकड्यात खिसे बसत हुते. दिसायलाच लागलं. मग हात ऱ्हाईना.”

 नितीन कागदावरचा आकडा खोडत म्हणाला, “खिसे बसवलेत, जालिंदरभाऊ. आता तुम्ही उभेच राहा.”

भीमाबाईनं रिकामं पोतं झटकलं. “पुन्हा बोटभरच का?” ती म्हणाली. 

अहवाल वाचून काकासाहेब स्वतः खाली आले. मशीनला मागे टाकणारा माणूस आपल्या पदरी आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी जालिंदरच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांना पेढे वाटले आणि भिंतीवरचं माहितीपत्रक स्वतःच्या हातानं काढून टाकलं.

“बोल, तुला काय पाहिजे?”

जालिंदर त्या भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिला. “खुर्ची,” तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातली फिरती खुर्ची खाली आली. जालिंदरनं हातरुमालानं ती पुसली आणि बसला. पायावर पाय टाकला. एकदा डावीकडे फिरला, एकदा उजवीकडे. भीमाबाईनं त्याच्या हातात चहाचा कप दिला.

चहा संपल्यावर तो उठला. कापड बसून कापता येत नाही.