पायाने मारलेली हाक

विहीणबाईंनी भर बैठकीत पाय आपटला.

फळ्यांची जमीन हादरली आणि सासूबाईंच्या हातातली कपबशी किणकिणली. "बघ, बघ," त्या लेकाला म्हणाल्या, "माझ्याच घरात बसून मलाच पाय आपटून दाखवतात! बायको कुणावर गेलीय ते कळलं ना आता?"

"आई, ती मला हाक मारतेय," दाराशी उभी असलेली सून म्हणाली. "माझी पाठ होती तिच्याकडे. फळी हलली की पायाला कळतं."

"त्यांना ऐकूबोलता येत नाही हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. पण हाक मारायची ही काय रीत?"

"आमच्याकडे हीच."

आमच्याकडे! तिथेच तर सगळं अडलं होतं. हे घर तांबटाचं. पुढे राहायच्या खोल्या, मागे कारखाना, आणि दोन्हींखाली एकच फळ्यांची जमीन. दिवसभर तांब्यावर हातोड्या पडायच्या, त्यामुळे घरातलं लहानथोर टिपेला बोलायचं. हातोड्या थांबल्या तरी आवाज काही खाली यायचे नाहीत. स्वयंपाकघरातून हाक जायची, गच्चीवरून ओ यायची. अशा घरात ही सून आली, आणि ओ म्हणून द्यायची नाही. असेल तिथून उठून यायची, समोर उभी राहायची, तोंडाकडे टक लावून मग विचारायची, "काय आई?" काही सांगायचं असलं तर खांद्यावर टकटक करायची. सासूच्या खांद्यावर! आणि रागावलं तरी नजर खाली नाही. "डोळ्याला डोळा भिडवून उभी राहते, जशी काही मीच तिची सून," असं सासूबाईंनी साऱ्या आळीला सांगून झालं होतं.

शेवटी माहेरी निरोप गेला होता, येऊन हिला घेऊन जा. दाराशी सुनेची बॅग भरून ठेवलेली होती. लेक खाली मान घालून बसला होता. आईपुढे त्याचा आवाज कधी फुटलाच नव्हता.

"मुलगी वाईट नाही हो तुमची!" सासूबाई विहीणबाईंच्या तोंडाशी जाऊन ओरडल्या. "पण आमच्यात मिसळत नाही ती! घेऊन जा!"

शेजारीण खिडकीतून डोकावून गेली. ज्यांना ऐकवायचं होतं, त्यांना तेवढं ऐकू गेलं नाही.

विहीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीचे हात हलले. विहीणबाई उठल्या, बॅग उचलली आणि व्याह्यांचा निरोप घ्यायला कारखान्याकडे वळल्या.

"तिथे जाऊन काय उपयोग?" सासूबाई पाठोपाठ निघाल्या. "ते माणूस बोलतंय कुठे? घसा कोरडा करावा तेव्हा एक 'हूं' मिळतो. एवढा संसार मी भिंतीशी केला असता, तर भिंतीला पाझर फुटला असता."

कारखान्यात घण चालले होते. विहीणबाई म्हाताऱ्या व्याह्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याने हातोडी खाली ठेवली, फडक्याला हात पुसले, आणि ते हात वर उचलले.

सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या.

ते हात त्यांनी हातोडी धरताना पाहिले होते, सांडशी धरताना पाहिले होते. आता त्या घट्टे पडलेल्या बोटांची पाखरं झाली होती. मिटत होती, उघडत होती, छातीला लागून पुढे जात होती, रस्त्याकडे वळून काहीतरी विचारत होती. विहीणबाईंनी उत्तर दिलं. म्हातारा हसला. भुवया, गाल, ओठ, सगळा चेहरा बोलत होता. बाकीच्यांचे घण चालूच होते. जिथे सासूबाईंना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, तिथे ती दोघं निवांत ओट्यावर बसल्यासारखी गप्पा मारत होती.

कारागिरांनीही एकेक करून घण थांबवले आणि पाहत राहिले.

"हे... हे कुठे शिकले?" सासूबाईंचा आवाज इतका बारीक निघाला की सुनेला त्यांच्या ओठांकडे पाहावं लागलं.

"इथेच. दुपारी चहा घेऊन येते ना मी. घणांच्या आवाजात दुसरं बोलणार कसं? आणि आई, घण थांबले तरी बाबांना आता काही ऐकू येत नाही. त्यांनीच सांगितलं मला."

"मला नाही सांगितलं."

"तुम्ही काय विचारलंत ते कळत नाही त्यांना. म्हणून 'हूं' म्हणतात."

म्हाताऱ्याचे हात पुन्हा हलले, आता सावकाश. एक बोट सुनेकडे गेलं, मग बॅगेकडे. मग त्यांनी तळवा स्वतःच्या तोंडावर ठेवला.

"काय म्हणतायत?"

सुनेने पहिल्यांदाच नजर खाली घातली. "हिला नेऊ नका म्हणतायत. ही गेली की घर परत मुकं होईल."

मुकं! ज्या घराचं भांडण नाक्यावरच्या दुकानात ऐकू जातं, ते घर मुकं! सासूबाईंच्या जिभेवर सवयीने "अहो, ऐकलंत का" आलं, आणि तिथेच थिजलं. इतकी वर्षं हे आपण कुणाला म्हणत होतो?

म्हातारा पाठमोरा झाला होता. सासूबाईंनी पाय उचलला आणि फळीवर आपटला.

म्हाताऱ्याने मान वळवली. पहिल्याच हाकेला. सरळ त्यांच्याकडे.

हाक तर पोचली. सासूबाईंनी हात वर केले, तर ते हवेतच अवघडले. मग त्यांनी सुनेकडे बोट दाखवलं आणि खाली जमिनीकडे. पुन्हा सुनेकडे, पुन्हा जमिनीकडे. विहीणबाईंच्या हातातून बॅग हिसकून घेतली, फळीवर आदळली, आणि परत असे काही हात उडवले की खुंटीवरची तांब्याची झाकणं खणखणत खाली आली.

म्हाताऱ्याने ते सगळं नीट पाहून घेतलं. मग दोन्ही तळव्यांनी हवा हलकेच खाली दाबली. विहीणबाईंचे खांदे हसण्याने गदगदू लागले.

"आता काय म्हणाले?"

सुनेने हसू दाबलं. "एवढ्या मोठ्याने नको, म्हणतायत."