पंपघरामागचं गवत

प्रदर्शनाच्या दालनात चित्राकडे पाठ करून उभा असलेला माणूस एकच होता, आणि तो चित्रकर्तीचा बाप होता.

कोटाची बटणं सोडून, दोन्ही हात कमरेवर ठेवून तो ऐसपैस उभा होता. अशाने चित्र जास्तीत जास्त झाकलं जाईल असा त्याचा अंदाज. पण चित्र दाराहून मोठं आणि बाप अंगाने किरकोळ. त्याच्या दोन्ही बाजूंनी कोबी बाहेर डोकावत होता. टपोरे, निळसर हिरवे गड्डे, पानावर पान घट्ट मिटलेलं. वर सकाळचं दव.

"बाबा, बाजूला व्हा ना. लोकांना दिसत नाही," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"दिसू नये म्हणूनच उभाय."

"माझं पहिलं प्रदर्शन आहे हो."

"आणि माझा नववा करार. परवा सही आहे, आणि आज मालक इथे. तूच बोलावलंस?"

"दालनवाल्यांनी. सगळ्या बड्या लोकांना बोलावतात ते."

बाप बायको आणि दोन ट्रंका घेऊन या परक्या मुलखात आला, त्याला चोवीस वर्षं झाली होती. मळा मालकांचा, खंडाने घेतलेला. दर तीन वर्षांनी नवा करार. मालक स्वतः मळ्यात येत नसत, त्यांच्या बुटांना चिखल सोसत नसे. ते फक्त विचारत, "पीक कसं आहे?" आणि बाप सांगे, "जेमतेम." उत्तम पिकलं तरी जेमतेम. फारच उत्तम पिकलं तर जेमतेम, आणि वर एक सुस्कारा. कारण ज्या खंडकऱ्याचं पीक डोळ्यांत भरतं, त्याचा मळा मालकांच्या जावयाला एकाएकी आवडू लागतो, हे त्याने पाहिलं होतं. ओढ्यापलीकडचं कुटुंब असंच गेलं.

"निदान थोडी अळी तरी पाड," तो म्हणाला. "दोन-चार पानांना भोकं. रंग ओला असेल अजून."

"वाळून दोन महिने झाले."

"वाळल्यावरही पडते अळी."

एवढ्यात एक चष्मेवाला त्याच्या खांद्यावरून वाकून चित्र न्याहाळू लागला आणि वहीत काहीबाही लिहू लागला. बाप सावध झाला.

"हा कोण? मोजणीवाला?"

"समीक्षक."

"म्हणजे कुठल्या खात्याचा?"

"वा!" समीक्षक आपल्याशीच म्हणाला. "जसंच्या तसं. या मुलीने काही म्हणता काही लपवलेलं नाही."

बापाने मुलीकडे असं पाहिलं, जणू तिला चोरी करताना कुणी पकडून दिलंय. मुलगी स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिली.

मग मालक आले.

"काय पाहुणे! इकडे कुठे?" चोवीस वर्षांनीही बाप त्यांचा पाहुणाच होता. "सरका की जरा."

बाप सरकला. न सरकून सांगतो कुणाला?

मालक चित्रासमोर उभे राहिले. एक डोळा बारीक केला, मग दुसरा. "आपलाच मळा ना हा? पंपघर ओळखीचं दिसतंय."

"पंपघर आपलंच, मालक. बाकीचं तिच्या मनातलं."

"हे साहेब तर जसंच्या तसं म्हणत होते आत्ता. दारातून ऐकलं मी."

"त्यांनी कुठे मळा पाहिलाय?"

मालकांनी बापाकडे पाहिलं, समीक्षकाकडे पाहिलं आणि शेवटी मुलीकडे बोट केलं. "तू सांग पोरी. खरं खरं. असा कोबी पिकतो माझ्या जमिनीत?"

समीक्षकाचं पेन थांबलं. मुलीने तोंड उघडलं. ते दव गाठायला ती सबंध हंगामभर उजाडायच्या आधी बांधावर जाऊन बसली होती.

"तिला काय विचारता, मालक?" बाप मध्येच हसून म्हणाला. "तिला कोबी कळत नाही. लहानपणापासून हातात ब्रश. मळ्यात पाय ठेवेल तर शपथ!"

मुलीच्या नखांत माती होती. तिने हात पाठीमागे नेले.

"तरीच!" मालक खूश झाले. "जावई म्हणत होता, मळा बघून येऊ. म्हटलं, आधी चित्र बघू, बूट तरी वाचतील. या मग परवा सहीला."

ते गेले. समीक्षकाने वहीतली एक ओळ खोडली आणि तो शेजारच्या फुलदाणीच्या चित्राकडे वळला.

बाप-लेक दोघंच उरले. बाप चित्राकडे वळला. आज पहिल्यांदाच. पाहता पाहता त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने हवेत बोट धरून वाफे मोजले. पुन्हा मोजले.

"पंपघरामागे हे काय काढलंस?"

"गवत."

"तिथे दोन वाफे आहेत आपले. सगळ्यांत भरलेले."

"आहेत."

"मग गवत कसलं?"

"प्रदर्शनाला कोण कोण येतं ते ठाऊक होतं मला, बाबा."

बापाने ते गवत पुन्हा एकदा न्याहाळलं. मग खिशातून रुमाल काढून त्याने चौकटीवरची नसलेली धूळ सावकाश पुसली.

"कोबी कळतो तुला," तो म्हणाला.