पाय घसरणारं घराणं

"घरात आधी कुणाला असा त्रास होता?" मनोविकारतज्ज्ञ बाईंनी विचारलं. मुलगा खाली मान घालून बसला होता. शेजारी आईच्या हातातल्या पर्सची चेन सारखी उघडत होती, मिटत होती.

तिनं तोंड उघडायच्या आत नवरा बोलला, "आमच्या घराण्यात असली थेरं नाहीत. पोरगं आळशी झालंय. कामाला जुंपलं की येईल ताळ्यावर."

"हा आजार पुष्कळदा रक्तातून येतो, म्हणून विचारते. औषधानं आटोक्यातही येतो. तुमची भावंडं?"

"भाऊ लवकर गेला. विहिरीवर पाय घसरला."

"बहीण?"

"पुलावरून पडली. तिचाही पाय घसरला."

"आणि वडील?"

"तेही... पाय घसरूनच."

चेन थांबली. लग्न होऊन आल्या दिवसापासून सासूबाईंनी तिला एकच धाक घातला होता, "सूनबाई, फरशी ओली ठेवू नकोस, आमच्याकडे पाय घसरतात." तेव्हापासून पाण्याचा थेंब दिसला की ती वेड्यासारखी फडकं घेऊन धावायची. आणि वेडं कुणी नाही म्हणे या घरात!

नवरा ताडकन उठला. "चल रे. गोळ्याबिळ्या काही नकोत."

मुलगा निमूटपणे उठायला लागला. तिनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.



"डॉक्टर, तुम्ही औषध लिहा. परवा गच्चीच्या कठड्यावर याचाही पाय घसरत होता, मी याला मागून धरलं. गच्ची कोरडी ठणठणीत होती."