जपाची साथ

"बघ, माझ्या जपाला हे साथ देतायत," लॅपटॉपवर बोट ठेवून आई म्हणाली.

आयसीयूत बेशुद्ध पडलेल्या बाबांच्या मेंदूच्या लहरी आणि आईचा जप मी एकत्र नोंदवले होते. दोघांचा मेळ कुठे बसतो, ते प्रत्येक लयीवर वेगवेगळं तपासलं. मेंदूच्या लहरी तपासणं हे माझं रोजचं कामच. मेळाचा आलेख सगळीकडे सपाट होता. फक्त एका संथ लयीवर उंच शिखर. माझेही डोळे भरून आले.

मग सवयीनं पाहिलं, पुढे कोण, मागे कोण. साथ देणारा मागे असायला हवा, पण पुढे बाबा होते. आईचा जप दर वेळी किंचित मागून येत होता.

तेवढ्यात बाबांचा श्वास चालवणाऱ्या व्हेंटिलेटरनं सुस्कारा सोडला. त्या धक्क्यानं बाबांच्या डोक्याला लावलेल्या वायरी हलल्या आणि लगेच आईच्या ओठांवर नाम आलं. पुन्हा सुस्कारा, पुन्हा वायरी, पुन्हा नाम. ते शिखर मशीनचं होतं. बाबांचं त्यात काहीच नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला.

"डॉक्टर ते मशीन काढायचं म्हणत होते ना?" आई म्हणाली. "काढू देत. त्याच्या आवाजात ह्यांना जप नीट ऐकू येत नसेल."