हत्तीचं ॲव्हरेज

"फुल्ल ना?" पंपावरच्या मिशीवाल्याने विचारलं.

"टक् वाजेपर्यंत. वर एक थेंब नको."

हे वाक्य त्याचं नव्हतं, बायकोचं होतं. एकोणतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला गाडीचं ॲव्हरेज अंदाजाने सांगितलेलं चालत नसे. टाकी भरायची, जाऊन यायचं, त्याच पंपावर त्याच नळीने पुन्हा भरायची. मग किलोमीटर भागिले लिटर.

मिशीवाल्याने पावती पुढे केली. "हत्तीची भूक मेलीय वाटतं हल्ली."

तो नेहमीसारखा हसला. पावती न बघताच घडी घालून त्याने खिशात टाकली.

हत्ती म्हणजे त्यांची व्हॅन. दांडगं इंजिन, चारही चाकांना जोर, गिअर आपोआप पडणारे. त्याचा डावा गुडघा क्लच दाबू देत नव्हता आणि डोंगरावरच्या रुग्णालयाकडे जाणारा शेवटचा चढ नुसता खडीचा होता. शिवाय मागचं दार उघडलं की तिची चाकांची खुर्ची सरळ आत जाई. कंपनी म्हणत होती, लिटरला अकरा. घाटात मिळाले सहा पूर्णांक आठ. "उतारावर ढकलून मोजलं असेल त्यांनी," ती म्हणाली होती.

सुरुवातीचे तीन महिने ती सोबत यायची. पुढे तिला बसवेना, तेव्हा डॉक्टर बाटली त्याच्याच हाती देऊ लागल्या. दर गुरुवारी एक. औषध अजून बाजारात आलेलं नव्हतं. ज्यांच्यावर चाचणी चालू होती, त्यांनाच ते मिळे.

अकरा गुरुवारांपूर्वी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला. औषध लागू पडत नव्हतं, म्हणून चाचणीतून तिचं नाव काढलं होतं. आता फक्त दुखणं सुसह्य करायचं, आणि ते घराजवळचे डॉक्टर करतीलच, असं त्या म्हणाल्या. तिला मी कळवू की तुम्ही सांगाल, असं त्यांनी विचारलं. मी सांगतो, असं तो म्हणाला. किती दिवस उरलेत, ते त्याने विचारलं नाही.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा ती फोनवर लेकीशी बोलत होती. लेकीला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. आता तिसरा महिना होता. "अगं, गुण येतोय औषधाचा," ती सांगत होती. "तू आपली पाय वर करून पड."

फोन ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हात धुवायला आत गेला.

छापखान्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बाटलीवरची चिठ्ठी त्याने तशीच छापली, तोच कागद, तोच फिका निळा. आत व्हिटॅमिनच्या गोळ्या भरल्या, पांढऱ्या, मधोमध रेघ असलेल्या.

अडचण एकच होती. निघताना आणि परतल्यावर किलोमीटरच्या आकड्याचा फोटो ती मागून घेई. घाटाकडे गाडी वळवायला आता त्याचा हात धजत नव्हता. म्हणून दर गुरुवारी तो बंदराच्या रस्त्याला लागे. अंतर रुग्णालयाइतकंच, चौऱ्याहत्तर किलोमीटर, पण रस्ता पाटासारखा सपाट. शेवटी एक बंद पडलेला वजनकाटा होता. तिथे गाडी बंद करून तो जेवणाचा डबा उघडायचा आणि बहुतेक वेळा तसाच बंद करायचा. मग परत चौऱ्याहत्तर. एकदा तीन किलोमीटर कमी भरले, तर त्याने वसाहतीला फेऱ्या मारून ते पुरे केले होते.

आजही आकडा चोख होता. एकशे अठ्ठेचाळीस.

घरी पडदे अर्धे ओढलेले होते. ती उशांना टेकून होती. मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. त्याने बाटली ठेवली, फोटो दाखवला, पावती दिली. तिने ती चष्म्याजवळ धरून वाचली आणि वहीत लिहायला घेतलं. पेन्सिल मधे मधे थांबत होती.

तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. ही दोन मिनिटं त्याला दर वेळी जड जात.

"काय आलं, मास्तरीणबाई?"

"सहा पूर्णांक आठ."

त्याने श्वास सोडला. "म्हणजे हत्ती ठणठणीत."

"हो." तिने वही मिटली. "घाटात गर्दी होती?"

"फारशी नव्हती. वर जरा धुकं होतं."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाल्या, असंच चालू ठेवा."

तिने मान डोलावली. त्याने गोळी तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला ओठांना लावला. ती गिळताना तिचे डोळे मिटले, आणि गोळी उतरल्यावरही बराच वेळ मिटलेलेच राहिले. तो पेला धरून उभा होता. गिळायला इतका त्रास होतो, आणि तोही कशासाठी, हा विचार आला की तो पेल्याच्या तळाकडे बघायचा.

"लेकीचा फोन होता," ती म्हणाली. "सहावा लागलाय. रविवारी येतेच म्हणते, ऐकत नाही."

"येऊ दे. तुला बघून बरं वाटेल तिला."

"वही बघायला मागेल. सवय आहे तिला, लहानपणापासून माझ्या वह्या तपासते."

"बघू दे की. लपवण्यासारखं काय आहे तिच्यात?"

तिने उशीखाली हात घातला. तेवढ्यानेही तिला धाप लागली. केसांच्या रबराने बांधलेलं कागदांचं एक पुडकं तिने बाहेर काढलं, आजची पावती त्यात सरकवली आणि ते त्याच्या हातात ठेवलं.

"ह्या तेवढ्या फाडून टाका," ती म्हणाली. "वहीत मी दर वेळी बावीसच्या आसपास लिहिलंय. चौदा लिटरमध्ये आपला हत्ती घाट चढत नाही, आणि लेकीला भागाकार येतो."