लाल चौकट

लेकीचं काम म्हणजे डोळ्यांची नुसती हमाली. अ‍ॅपचं कालचं नि आजचं चित्र यंत्र ताडून बघतं आणि फरक दिसला की लाल चौकट काढतं. लेक ज्याला बरोबर म्हणेल, तेच पुढं खरं.

आज चौकट पडली ती लेकीनं चाचणीसाठी घातलेल्या, आईसोबतच्या स्वतःच्या फोटोवर. कालच्या फोटोत शेजारी आणखी एक मुलगी होती. नाक थेट आईचं.

"मी एकच जन्माला घातलीय," आई फणकारली. "तुझ्या यंत्राला मोतीबिंदू झालाय. दाब 'आजचं बरोबर'."

"दाबते गं बाई." पेंगत पेंगत लेकीनं 'कालचं बरोबर' दाबलं.

दोघींच्याच त्या घरात आतल्या खोलीतून आवाज आला, "आई, चहा टाकू का?"

मान वरही न करता लेक म्हणाली, "टाक ना, ताई."